आठ कयाक, एक गट : नाशिकच्या पाण्यावर सहल कशी न्यावी

नाशिकला खाडी नाही. आपल्याकडे आहेत त्या नद्या, आणि त्या अडवून झालेल्या धरणांचं पसरट पाणी. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूर धरणात थबकते आणि मग शहरात उतरते. दारणा इगतपुरीच्या डोंगरातून येऊन तिला खाली मिळते, आणि दिंडोरीकडून आलेली कादवा नांदूरमध्यमेश्वरला. एवढं पाणी उशाशी असूनही आपल्यातल्या बहुतेकांचा नदीशी संबंध रामकुंडावरच्या आंघोळीपुरता किंवा पुरात दुतोंड्या मारुती किती बुडाला हे बघण्यापुरता असतो. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लहान, अरुंद नावेत, बसलं की पाणी कमरेच्या उंचीवर येतं, इंजिनाचा आवाज नसतो, आणि पाणकावळा दहा हातांवर बसून पंख वाळवताना दिसतो. हे जास्तीत जास्त लोकांनी बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितो आहे.

पण एकट्यानं कयाक चालवणं आणि आठ-दहा जणांना घेऊन जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हातांची कला आहे, दुसरीत सगळी मेहनत काठावर होते.

एक प्रसंग आधी सांगतो. मार्चमधल्या एका रविवारी आम्ही अकरा जण एका धरणाच्या बॅकवॉटरवर गेलो होतो. निघायला दहा वाजले. बाराच्या सुमारास वारा सुटला. मी सगळ्यात पुढे होतो, मागे कोण आहे ते ठरवलेलंच नव्हतं. दोघांची एक कयाक वाऱ्यानं पलीकडच्या काठाला लागली. दोघं खाली उतरले ते गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. दोघं नाहीत हे आमच्या लक्षात यायला अर्धा तास गेला. थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकणाऱ्या एका बाबांनी त्यांना दोर टाकून बाहेर काढलं. मला ते एवढंच म्हणाले, “दादा, दुपारून इथं वारा सुटतोच. सकाळी यायचं, अन् माणसं मोजत राहायची.” पुढे जे काही लिहिलंय, ते त्यांच्या त्या दोन वाक्यांतूनच आलंय.

आधी ऋतू, मग तारीख

जून ते सप्टेंबर नदीवर जायचं नाही. याला अपवाद नाही. पावसाळ्यात गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांतून विसर्ग सुटतो आणि तो तासातासाला बदलतो. बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात, त्यांचा अर्थ समजून घ्या. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर पाणी. ५,००० क्युसेक सोडले, तर दर सेकंदाला जवळपास १ लाख ४१ हजार लिटर पाणी तुमच्या दिशेनं निघालेलं असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून “थोडंसंच वाढलंय” या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात गोदाकाठची मंदिरं कशी पाण्याखाली गेली, ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. धरणं भरलेली असतात, पाणी काठाच्या गवतापर्यंत आलेलं असतं, त्यामुळे गाळ उघडा पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र नाशिकची थंडी विसरू नका. निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात अडखळतो, हात बधिर होतात. त्या दिवसांत साडेआठच्या आधी नवख्यांना पाण्यात घालू नका. दाट धुकं असेल तर ते विरेपर्यंत काठावर चहा घ्या. समोरचा काठ दिसत नसेल तर निघायचं नाही.

जानेवारीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. संक्रांतीच्या आसपास तुटलेल्या पतंगांचा नायलॉन मांजा झाडांवरून पाण्यात लोंबत असतो. येवल्याचा पतंगोत्सव प्रसिद्धच आहे, पण मांजा सगळ्या जिल्ह्यात उडतो. तो वल्ह्यात गुंततो, गळ्याला लागला तर कापतो. या दिवसांत झाडांखालून जाऊ नका आणि एकाच्या तरी जॅकेटला छोटी कात्री बांधलेली असू द्या.

मार्चपासून पुढे पाणी उतरत जातं. शेतीची आवर्तनं सुटतात, काठ मागे सरकतो आणि मधे काळ्या गाळाचा पट्टा राहतो. वर वाळलेला दिसतो, पाय ठेवला की आत जातो. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचे ढगही असतात. या महिन्यांत सहल काढायचीच असेल तर उजाडताच पाण्यात आणि दहाच्या आत काठावर.

पाणी निवडणं

पहिल्या सहलीला वाहतं पाणी नको, थांबलेलं पाणी घ्या. गंगापूरचं बॅकवॉटर शहरापासून जवळ आहे आणि पर्यटन महामंडळाचा बोट क्लबही त्याच काठावर आहे. नवख्या गटासाठी सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं, कारण तिथे बोटी येण्याजाण्याची सवय आहे आणि मदत लवकर पोचते. फक्त वाऱ्याची दिशा डोक्यात पक्की ठेवा. धरणाची भिंत पूर्वेकडे आहे आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेचा असतो. म्हणजे दमलेली, भरकटलेली कयाक आपोआप भिंतीकडे आणि सांडव्याकडे सरकते. त्यामुळे जाताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना वाऱ्याबरोबर परतायचं, पण भिंतीपासून चांगलं अंतर राखून, काठाकाठानं.

इगतपुरीकडच्या भावली, मुकणे, वैतरणा या धरणांचं पाणी पावसाळ्यानंतर देखणं असतं, डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसतात. मात्र तिथे गावं विरळ आहेत आणि मोबाइलला रेंज जाते-येते. चार-पाच सहली झालेल्या गटानंच तिकडे वळावं.

आता टाळायच्या जागा. सोमेश्वरच्या धबधब्याचा परिसर नको. तिथले कातळ, कपारी आणि खाली खेचणारं पाणी यांनी अनेकांचे जीव घेतले आहेत. शहरातून जाणारी गोदावरी, विशेषतः रामकुंडाच्या खालून तपोवनाकडे, सांडपाण्यामुळे नको. नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांबरोबर शहराची घाण नदीत येते. तोंडात एक घोट गेला किंवा हाताला जखम असली, तर कावीळ, जुलाब, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांची धास्ती खरी आहे. ज्या नदीला आपण गंगा म्हणतो तिच्याच पाण्यात हात घालायला लोकांना मना करावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातही कयाक घालायची नाही. ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आपला हंगाम आणि परदेशी पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम नेमका एकच. झोपलेल्या बदकांच्या थव्यात आठ रंगीत कयाक शिरल्या की सगळा थवा उठतो आणि प्रवासासाठी साठवलेली ताकद त्यांची तिथेच खर्च होते. तिथे काठावरच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीनं बघा.

आणि बंधारे. यावर जरा थांबतो, कारण नाशिक जिल्ह्यात नदीवर पावलोपावली केटी (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे आहेत आणि कयाकवाल्याला त्यांच्याइतका फसवणारा दुसरा धोका नाही. वरच्या बाजूनं येताना बंधारा दिसतच नाही. पाणी संथ, आरशासारखं असतं आणि पुढे फक्त एक सरळ रेघ दिसते, जणू नदी तिथे संपते. त्या रेघेपलीकडे पाणी खाली पडतं आणि पडल्यावर तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली नाव, माणूस, ओंडका, काहीही असो, परत परत भिंतीशी ओढलं जातं. बंधारा चार फुटी असला तरी हेच होतं, आणि लाइफ जॅकेट घातलेलाही त्यातून सहज सुटत नाही. म्हणून नदीवर जाण्याआधी नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून वरखाली पाच-पाच किलोमीटरमधला प्रत्येक बंधारा शोधून ठेवा. पाण्यावर असताना पुढे रेघ दिसली किंवा घरघर ऐकू आली, तर लगेच काठ गाठा आणि चालत जाऊन बघा.

आदल्या आठवड्यात : परवानगी, आणि काठावरची माणसं

धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. गंगापूरचं आणि काश्यपीचं पाणी शहराच्या पिण्याचं आहे. त्यामुळे “मोकळंच तर आहे” म्हणून कुठेही कयाक सोडू नका. संबंधित शाखा अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या : तारीख, वेळ, किती जण, किती नावा, उतरायची जागा, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन. वनजमिनीला लागून काठ असेल तर वनविभागालाही विचारा. कयाक आणि मार्गदर्शक पुरवणाऱ्या व्यावसायिकाबरोबर जाणार असाल, तर परवानगी त्याच्याकडे आहे का ते कागद बघून खात्री करा. तोंडी “आहे हो” यावर जाऊ नका.

त्याच आठवड्यात एक चक्कर मारून जागा बघून या, आणि ज्या वेळेला सहल काढणार त्याच वेळेला जा. काठापर्यंत गाडी जाते का, पाण्यात उतरताना तळ दगडी आहे की चिखलाचा, पाणी उपसायच्या मोटारी कुठे बसवल्यात, त्यांच्या केबल पाण्यातून कशा गेल्यात, मासेमारीची जाळी कुठे लावलीत, हे सगळं वहीत टिपा. केबलपासून लांबच राहायचं. उघडी पडलेली तार आणि ओलं वल्हं हे प्रकरण जिवावर बेततं. जाळ्यांच्या तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या तर वळसा घाला, कारण ती कुणाची तरी दिवसाची कमाई आहे.

या चकरेत सगळ्यात मोलाचं काम म्हणजे काठावरच्या माणसांशी बोलणं. भोई बांधव, मोटारीवर आलेले शेतकरी, गुरं घेऊन आलेल्या आजी. “मामा, इथं पाणी कसं असतं? जुनी विहीर, बाभळी कुठं बुडाल्यात?” असं विचारलं की ते हातानं दाखवून सांगतात. धरण होण्याआधीचं गाव त्यांना पाण्याखाली दिसत असतं. दारणाकाठी आणि निफाडकडे त्यांना बिबट्याबद्दलही विचारा. उसाला लागून असलेल्या काठावर पहाटे अंधारात नावा उतरवत बसू नये.

किती जण, कोण कोण

आठ ही संख्या मला बरोबर वाटते. चार-चारच्या दोन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एक अनुभवी आणि तीन नवे, यापेक्षा जास्त नवखे एका माणसाच्या भरवशावर देऊ नका. दोनच अनुभवी असतील तर गट आठच्या वर नेऊच नका. मित्र, मित्राचा मेहुणा, मेहुण्याचे सहकारी असं करत यादी वाढते, तेव्हा संयोजकाला नाही म्हणता आलं पाहिजे. दुसरी खेप पुढच्या रविवारी काढा.

प्रत्येकाला आधीच हे विचारा : पोहता येतं का? दम्याचा, आकडीचा, हृदयाचा त्रास आहे का? खांदा निखळलेला आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात, पण वल्हं मारताना निखळलेला खांदा पुन्हा सहज निखळतो. पोहता न येणाऱ्याला सरसकट नकार देऊ नका. त्याला आदल्या आठवड्यात एखाद्या जलतरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात जॅकेट घालून तरंगायला लावा. तोंड पाण्याबाहेर ठेवून निवांत पडून राहता आलं, की त्याची अर्धी भीती गेली. ज्याला ते जमत नाही, त्यानं या खेपेला काठ सांभाळावा.

काठ सांभाळणारा माणूस लागतोच. त्याच्याकडे सगळ्यांची यादी, घरच्यांचे फोन, गाड्यांच्या चाव्या आणि परतायची ठरलेली वेळ असते. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गट दिसला नाही तर त्यानं ११२ ला फोन करायचा. दुखापत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

नावा आणि सामान

नवख्यांसाठी वर बसायच्या कयाक घ्या, म्हणजे ज्यांत पाय उघडे राहतात आणि उलटली तरी आत अडकायला होत नाही. तिच्यात पाणी साचत नाही, भोकांतून निघून जातं. हवा भरायच्या कयाक गाडीच्या डिकीत मावतात म्हणून अनेकांना आवडतात. शांत पाण्यावर त्या ठीक, पण वाऱ्यात कागदासारख्या वाहतात आणि बाभळीच्या काट्यानं फाटतात. आपल्या काठांवर बाभळी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

लाइफ जॅकेटबाबत तडजोड नाही. जॅकेट किती जोरानं वर उचलतं ते न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट तरंगायला मदत करतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड वर फिरवत नाही. त्या कामासाठी १०० न्यूटनचं बनवलेलं असतं. पोहता न येणाऱ्यांना शक्यतो तेच द्या. घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याकडून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं, तर ते मोठं आहे किंवा पट्टे सैल आहेत. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट कधीही नाही. फोटोपुरतं जॅकेट काढणाऱ्याला सौम्यपणे पण तिथल्या तिथे काठावर उतरवा. हे एकदा केलं की दुसऱ्यांदा करावं लागत नाही.

बाकी सामान थोडक्यात : २२० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं, दर तुकडीत एक जादा. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी. दोघा अनुभवींकडे पाण्यावर तरंगणारा १५-२० मीटरचा दोर, पिशवीत भरलेला. पाणी आत न शिरणारी पिशवी, तिच्यात फोन, प्रथमोपचार, कोरडा शर्ट आणि टॉवेल. माणशी दीड ते दोन लिटर पाणी. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट, कारण काठावर बाटल्यांच्या काचा असतात. चष्म्याला दोरी. आणि स्वतःला कयाकला बांधून घ्यायचं नाही, कुणी कितीही सुचवलं तरी.

काठावरची वीस मिनिटं

पाण्यात उतरायची घाई सगळ्यांनाच असते. ही वीस मिनिटं तरीही घ्या.

आधी खुणा. वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं म्हणजे थांबा. उभं म्हणजे माझ्याकडे या. शिट्टी एकदा म्हणजे माझ्याकडे बघा, तीनदा म्हणजे मदत हवी. सगळ्यांकडून एकेकदा करून घ्या. नुसतं सांगितलेलं पाण्यावर आठवत नाही.

मग आकडे. प्रत्येकाला एक ते आठ असा क्रमांक द्या. सगळ्यात पुढे असलेल्यानं “हजेरी!” म्हटलं की एकपासून आठपर्यंत ओरडायचं. मधला आकडा आला नाही की सगळे जागेवर थांबतात. शाळेतल्यासारखं वाटेल, पण त्या मार्चच्या रविवारनंतर मी एकही सहल याशिवाय नेलेली नाही. दर पंधरा मिनिटांनी, आणि प्रत्येक वळणानंतर.

मग वल्हं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमध्ये तेरावे आले, ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. अनेकांना कयाक म्हणजे तेच वाटतं. रोइंगमध्ये पाठ पुढे करून बसतात आणि वल्ही नावेला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे आणि दोन पात्यांचं एकच वल्हं मोकळं हातात. ते डोक्यावर धरा, कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, कमरेजवळ आलं की काढा. ओढायचं ते दंडानं नाही, कमरेतून वळून. नुसत्या दंडानं ओढणारा अर्ध्या तासात थकतो. वळायचं असेल तर ज्या बाजूला जायचं त्याच्या विरुद्ध बाजूला, पायापासून मागच्या टोकापर्यंत मोठी कमान काढा. थांबायचं असेल तर दोन्हीकडे आळीपाळीनं उलटी वल्ही. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

उलटून बघणं

गुडघा ते कमरेएवढ्या पाण्यात, खाली दगड नाहीत अशा जागी, प्रत्येकानं एकदा मुद्दाम उलटायचं. हे टाळायला लोक कारणं देतात, केस भिजतात, थंडी आहे. थंडी असेल तर नंतर कोरडे कपडे घालायला मिळतील अशी सोय करा, पण हे वगळू नका. माणूस बुडतो तो पाण्यामुळे जितका, तितकाच पहिल्या दहा सेकंदांतल्या घाबरण्यामुळे. ज्यानं ती दहा सेकंदं आधी भोगलेली आहेत, तो पुन्हा घाबरत नाही.

उलटल्यावर पहिलं काम, नाव सोडायची नाही. ती तरंगते, आणि लांबून तीच दिसते. पालथी झाली असेल तर तिच्यावरून हात टाकून पलीकडची कड धरा आणि स्वतःचं वजन मागे टाकून सुलटी करा. मग बैठकीजवळ दोन्ही हात ठेवून पाय मागे पाण्यावर झाडा, शरीर आडवं झालं की हातांनी रेटून पोटावर वर सरका. बैठकीवर आडवे पालथे पडलात की काम झालं. आता कूस बदलून पाठीवर या, बूड बैठकीत टेकवा, शेवटी पाय आत. बहुतेक जण पोटावर आल्या आल्या उठून बसायला जातात आणि पलीकडे पडतात. तिथेच दोन श्वास घ्यायला सांगा.

एकट्याला जमत नसेल तर दुसऱ्याची मदत. मदतनीस आपली कयाक रिकाम्या कयाकला चिकटून आणतो, तोंडं विरुद्ध दिशेला, आणि दोन्ही हातांनी तिची कड घट्ट दाबून धरतो. पाण्यातला माणूस दुसऱ्या बाजूनं वर येतो. दोन नावा जोडल्या की त्या हलत नाहीत. क्रम कायम लक्षात ठेवा : आधी माणूस, मग नाव, मग वल्हं, आणि चप्पल, टोपी, बाटली सगळ्यात शेवटी. टोपी आणायला गेलेलाही उलटतो, हे मी दोनदा बघितलंय.

बाकीच्यांनी काय करायचं? सगळ्यांनी धावून जायचं नाही. मदतीला एकच जातो, दुसरा वल्हं गोळा करतो, उरलेले पुढच्याजवळ एकत्र थांबून हजेरी घेतात.

पाण्यावर

पुढे एक अनुभवी, मागे एक अनुभवी. पुढच्याच्या पुढे कुणी नाही, मागच्याच्या मागे कुणी नाही. मधल्यांनी दोन-तीन कयाकच्या लांबीचं अंतर ठेवायचं, म्हणजे धडकही होत नाही आणि आवाजही पोचतो. वेग सगळ्यात सावकाश असणाऱ्याचा. ताकदीच्या मुलांना हे जड जातं. त्यांना मागच्याच्या सोबत ठेवा, जबाबदारी दिली की ती रमतात.

नवखा गट तासाला तीन-साडेतीन किलोमीटर जातो, थांबे धरून त्याहून कमी. पहिल्या सहलीला जाऊन-येऊन चार किलोमीटर पुष्कळ झालं. नऊला निघालात तर साडेदहाला परत फिरलेलं असावं. पाण्यावर सतत वाऱ्याकडे लक्ष असू द्या. काठावरचं गवत सळसळलं, पाण्यावर काळपट सुरकुत्या धावल्या, तर काठाकडे वळा. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला, की नवख्या गटासाठी दिवस संपला. गडगडाट ऐकला तर थेट काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही. एकटं झाड किंवा विजेचा खांब यांच्याजवळ आसरा घेऊ नका.

पाणवेलींचा पट्टा लागला तर त्यातून वाट काढायला जाऊ नका. वरून हिरवळ दिसते, पण खाली मुळांचा गुंता असतो, वल्हं अडकतं आणि त्यात पडलेल्याला पोहता येत नाही. काठावर गाळ असेल तर नावेतून उतरायच्या आधी वल्ह्यानं तळ चाचपा. रुतलंच कुणी, तर पाय ओढत बसायचं नाही. कयाकवर पालथं पडून वजन पसरायचं आणि एकेक पाय हळूहळू सोडवायचा.

कुणी कुडकुडायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तर सहल तिथेच थांबवा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, गरम गोड चहा द्या. अंग जोरात चोळायचं नाही, आणि दारू तर नाहीच. दारूबद्दल नियम आधीच सगळ्यांना कळवून ठेवा. आदल्या रात्री उशिरापर्यंत प्यायलेला माणूसही सकाळी पाण्यात नको.

परत आल्यावर

नावा काठावर आल्या की पहिल्यांदा पुन्हा आठ आकडे. मग सामान मोजा. नंतर निवांत मिसळ, किंवा घरून आणलेली पिठलं-भाकरी. खाल्लेल्याचा कागदही काठावर राहू देऊ नका. जाताना एक मोठी पिशवी न्यावी आणि आपल्या आधी कुणीतरी टाकलेल्या बाटल्याही उचलाव्यात. गावातली माणसं हे बघतात, आणि पुढच्या वेळी आपणहून पाण्याची खबर देतात.

कयाक आणि वल्ही तिथेच नीट पुसा, पाणवेलीचा एकही तुकडा चिकटलेला राहू देऊ नका. एका तुकड्यातून नवी वेल वाढते, आणि गंगापूरहून भावलीला ती आपणच पोचवू. जॅकेटं सावलीत वाळवा, उन्हात त्यांचं कापड आणि आतला फोम खराब होतो. दोर उलगडून वाळवा आणि पुन्हा पिशवीत भरून ठेवा, गाठी सोडवून.

वहीत तारीख, पाणी कुठल्या दगडापर्यंत होतं, वारा किती वाजता सुटला, कोण दमलं, कोण उलटलं, हे लिहा. मग घरी. काठ सांभाळणाऱ्यानं यादी फाडायची नाही. शेवटचा माणूस घरी पोचल्याचा निरोप आला, की त्याच्या आकड्यावर खूण करायची आणि मगच वही बंद करायची.